हमीदचाचा, पेटी चांगली होती

हमीदचाचा, अमरावतीत अजून सांगतात की तुमच्या पेटीत होडीचं शीड सडलं. शीड तुमच्या पेटीनं सडवलं नाही. मी सडवलं. एवढंसं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि तेही तुम्हाला मातीत ठेवून आठ दिवस झाल्यावर.

तुमच्याबद्दल लिहायला बसलं की हात जुन्या सवयीनं वळतो. कष्टकरी, कारागीर, पिळवणूक. हे शब्द मी बाराखडीबरोबर शिकले. चांदूर रेल्वेला आमच्या घरी बाबा मोर्च्यांतून उरलेली पत्रकं गठ्ठ्यानं आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. पुढे छापील बाजूही वाचता यायला लागली. मला वाटायचं, जे खरं असतं ते असंच ठळक अक्षरांत छापतात आणि खाली आपलं नाव घालतात. नाव घातलं की आपलं काम संपलं. आज ते शब्द वापरत नाही. तसल्याच छापील शब्दांनी मी तुम्हाला एकदा ठेचलं आहे.

पहिल्या दिवशी तुमच्या दुकानासमोर उभी राहून मी म्हटलं होतं, "चाचा, शिडाच्या होडीच्या ट्रेलरसाठी एक पेटी पाहिजे." तुम्ही हातोडी खाली ठेवली.

"कायची?"

"होडीची. जीपमागं ओढून नेतो आम्ही ती. धरणावर."

"पान्याची गाडी रस्त्यानं फिरवता?" मग आत बघून ओरडलात, "सुनती क्या, जुबेदा! आता होडीचंबी लगन लागून राहिलं. पेटी पायजे म्हनते पोरगी."

आतून चाची म्हणाली, "मंग नवरदेव कोन हाय ते विचारा पहिले."

तुमच्या पेटीवाल्यांच्या ओळीत पेटी म्हणजे लग्नाचीच. पत्र्याची, झाकणावर कमळं, समोर नवरीचं नाव. ती सोडून उरलेल्या धान्याच्या कोठ्या. मी आणलेलं काम त्या ओळीनं कधी पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच तुम्ही ते घेतलंत.

होडी भागवतकाकांची होती. नौदलातून निवृत्त होऊन ते अकोल्याला घरी परतले, तेव्हा ही दोन माणसांची होडी बरोबर आणली आणि आमच्या कॉलेजातल्या मुलांना देऊन टाकली. शीड त्यांनी स्वतः शिवलेलं, जाड सुती कापडाचं. आम्ही पंधरा-वीस जणांनी मंडळ काढलं, मी त्याची सचिव. शिडाची होडी ही काही मुंबईच्या क्लबांतल्या लोकांची मिरास नाही, शेतमजुराच्या मुलीनंही सुकाणू धरलं पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात होडीचं नाव काढणं हाच उद्धटपणा होता. कापूस घरात पडून पिवळा पडत होता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि आम्ही होडी ओढत मोर्शीकडच्या धरणावर निघालेलो. वाटेतल्या चहाच्या टपरीवर एकानं विचारलंच, "काहो, प्याले पानी नाही अन् तुमी पोहाले चालले काय?" मी त्याला तिथंच भाषण दिलं. तो चहा पीत शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बरं, येतांनी एक घागर घेऊन येजा."

सामान तेव्हा पोत्यांत भरून होडीतच टाकत होतो. दोर, कप्प्या, पोहण्याची जाकिटं, सुकाणू. एकदा नांदगाव पेठेच्या पुढं पोतं फाटलं, सुकाणू रस्त्यावर पडलं आणि मागून आलेल्या ट्रकनं त्याचे दोन तुकडे केले. ट्रेलरच्या दांड्यावर, होडीच्या नाकासमोर, एक पेटी हवी हे तेव्हा पटलं. भागवतकाकांच्या जुन्या पुस्तकात तयार पेट्यांची चित्रं होती. तसली घेणं आमच्या ऐपतीतलं नव्हतं. मी म्हटलं, आपल्या गावात पेटीवाल्यांची अख्खी ओळ असताना बाहेर कशाला बघायचं?

तुमच्या दुकानात तेव्हा न नेलेल्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. कुणाचं लग्न पुढं गेलेलं, कुणाचं मोडलेलं, कुणाकडून नुसता निरोपही नाही. तुम्ही त्यातल्या दोन खाली ओढल्या. एकीवर चि. सौ. कां. रेखा, दुसरीवर चि. सौ. कां. मंगला, चाचीच्या हातची वळणदार अक्षरं.

"नवा पत्रा कायले आनायचा?" तुम्ही म्हणालात. "ह्या दोघी बसल्याच हायेत दोन वर्षांपासून."

तुम्ही त्यांच्या दुमडी उकलल्या, पत्रे सपाट केले आणि उलटे करून जोडले, म्हणजे कमळं आणि नावं आतल्या बाजूला गेली. मी म्हटलं, बाहेर दिसली तर छान दिसतील. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी काहीतरी घाण बोलले. "दुसऱ्याच्या पोरीचं नाव मोर्शीच्या रस्त्यानं कायले फिरवायचं?"

दांड्याला पेटी आवळायला तुम्ही मोडक्या बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव तापवून सरळ केलीत. झाकणाच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून रिबिटांनी बसवली. झाकणाला पुढं उतार दिला. मला रिबिट ठोकायला तुम्हीच शिकवलंत. माझा तिसरा रिबिट वाकडा गेला तेव्हा म्हणालात, "राहू दे. हा पाहून कोनीबी सांगन, शिकलेल्या मानसानं ठोकला." मी इतकी हसले की चाची बाहेर आली. ईदच्या दिवशी मला सगळ्यांच्या आधी शीरखुर्मा वाढला तोही तुम्हीच, आणि वाटी भरून घेतली नाही म्हणून रागावलात. हे सगळं मला आठवतं. आठवतं म्हणूनच पुढचं लिहिताना स्वतःची कीव करायची सोय राहत नाही.

पेटी पारखायची तुमची एक रीत होती. माणसाला आत बसवायचं, झाकण लावायचं, आणि कुठून उजेड येतो ते विचारायचं. मी अंगानं बारीक, म्हणून मला बसवलंत. गुडघे छातीशी घेऊन मी त्या अंधारात बसले. पत्रा तापलेला, त्याला जुन्या पेट्यांत घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास. आणि दोन्ही बाजूंना एकेक गोल उजेड.

"दोन भोकं राहिलीत चाचा!"

"भोकं नाहीत, नाक हाय ते. जाळी लावून देतो त्याले. पत्रा उन्हात तापते, आत वाफ धरते. नाक पायजे."

मी बाहेर आले. "बुजवा. चिखलाचा, पावसाचा थेंब आत नको. कोठीसारखी करा. हवासुद्धा जायला नको."

"कोठीत दाना रायते, बेटी. दाना वाळवून भरते मानूस. तुमचं सामान पान्यातलं."

"आम्हीही वाळवूनच भरू. अडाणी वाटलो का तुम्हाला?"

"अडानी नाही म्हटलं म्या. घाईचे म्हटलं."

"चाचा, पेटी कुणाची? मंडळाची ना? मग बुजवा."

चाची हातात ब्रश घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "ऐका तिचं. कालेजात शिकून राहिली." तुम्ही एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलंत, आणि कथलाचा डाख वितळवून दोन्ही भोकं बंद केलीत. इतकी साफ की वरून नख फिरवलं तरी जागा लागेना. नाराज माणूस काम बिघडवतो. तुम्ही तेवढंही केलं नाहीत.

आता कळतं, मी शिडाचा विचार ज्वारीसारखा केला. आमच्याकडे ओलं काही साठवतच नाहीत, कारण ओलं राहतंच किती दिवस? साठवण म्हणजे कीड आणि उंदीर बाहेर ठेवणं, तोंड लिंपून हवा कोंडणं. माझ्या आईनं आयुष्यभर तेच केलं, मी तेच मागितलं. तुम्हीही जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी तुम्हाला ते कळलं, कारण तुम्ही पत्र्याला विचारलंत आणि मी कुणालाच विचारलं नाही.

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी धरणावर वारा सुटला आणि होडी काठाजवळ उलटली. कुणाला काही झालं नाही. शीड मात्र चिंब. भागवतकाका तापानं अकोल्यातच होते, जीपवाला घाई करत होता. ते ओलं शीड मी माझ्या हातानं घडी करून पेटीत ठेवलं, वर दोर आणि जाकिटं कोंबली, कडी लावली. "उद्या वाळवू," म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी एका मोर्च्याची पत्रकं लिहायला बसले, मग परीक्षा आली, मग सुट्टी. ट्रेलर कॉलेजच्या मागं अख्खा उन्हाळा तापत उभा होता.

जूनमध्ये झाकण उघडलं तेव्हा मेलेल्या जनावरासारखा भपका आला. शीड काळं-हिरवं झालेलं. धरायला गेले तर बोटं आरपार गेली. दोर चिखलासारखे, आणि तळाशी रेखा-मंगलाच्या नावांवर काळं पाणी.

सगळे माझ्याकडे बघू लागतील त्याच्या आत मी बोलले. "पेटीच चुकीची बनवली आहे."

भागवतकाकांनी शिडाचा तुकडा हातात घेतला. ते म्हणाले, "ओलं शीड कोंडणाऱ्याची चूक असते, कुंदा. पेटीची नसते."

"लोकांच्या वर्गणीची वस्तू आहे काका. याचा जाब विचारायलाच हवा. मी पत्रक काढते."

"कारागिरावर कागद काढू नको. त्याचं पोट त्याच्या नावावर असतं."

"तत्त्वाला पोट नसतं," मी म्हटलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पत्रकातही घातलं.

मथळा होता: लोकवर्गणीच्या वस्तूशी बेइमानी. खाली तुमचं नाव, दुकानाची जागा, आणि तुम्ही "हवेची सोय न ठेवता निकृष्ट पेटी बनवून" काय नुकसान केलंत त्याचं वर्णन. हवेची सोय. चाचा, मी तुमचाच मुद्दा चोरून तुमच्याच अंगावर घातला. सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत: आपली, कुंदा वानखडे, सचिव. कॉलेजात वाटलं, मग तुमच्या ओळीत दुकानादुकानांत वाटलं. तुम्ही नमाजाला गेला होतात, म्हणून एक तुमच्या फळीवर दगडाखाली ठेवलं. आत चाची कुणाच्या तरी पेटीवर कमळ काढत होती. तिनं मान वर केली आणि हसून म्हणाली, "चहा पिऊन जा." मी म्हटलं, घाई आहे.

पुढचं काम गावानं केलं. महिनाभरात शीड गळून पडलं आणि गोष्ट उरली ती अशी: हमीदच्या कोठीत दाना सडते. पेटीच्या कोपऱ्यात चाचीनं काढून दिलेल्या अक्षरांवर खिळा ठोकून तुम्ही आपलं नाव उमटवत होतात. लोक आता तो कोपरा पाहून पेटी परत ठेवू लागले. वर्ष सरायच्या आत दुकान गेलं आणि तुम्ही अकोल्याला एका कूलरच्या शेडमध्ये टाक्यांना डाख द्यायला जाऊ लागलात, रोजंदारीवर. मला कळलं तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हे बाजारपेठेच्या मंदीमुळे झालं. मंदी होतीच. तिच्याआड लपायला जागाही भरपूर होती.

त्याच सुमारास भागवतकाका मला म्हणाले, "हमीद दिसला होता स्टेशनजवळ. मी हाक मारली तर तोंड फिरवून गेला. काय झालं कळत नाही." मी म्हटलं, "मंडळावर राग असेल."

मग मी एका सभेसाठी अकोल्याला गेले, आणि त्या शेडवरून जाताना तुम्ही मला हाक मारलीत. मी न ऐकल्यासारखं करणार होते. तुम्ही रस्त्यापर्यंत आलात. हात काळे, भुवया भाजलेल्या. स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलंत.

"बेटी, किती वाळली वं तू!"

 मला वाटलं, आता शिव्या सुरू होतील.

"एक काम करशीन? तू इतके कागद लिहितं दुनियेसाठी. माह्या बाजूनं एक लिही. जास्त नको. इतकंच लिही का पेटी चांगली होती."

चाचा, माझं नाव त्या पत्रकाखाली ठळक अक्षरांत होतं. मला वाटलं, याहून धारदार टोमणा माणूस मारू शकत नाही. 

"अन् ज्यानं तो पहिला कागद लिहिला," तुम्ही म्हणालात, "त्यानं एकदा येऊन पाहून जावं मी कुठं बसलो हावो ते."

"चुकीच्या मालाची बाजू मी घेत नाही चाचा," मी म्हटलं. "कुणाच्याही."

 तुम्ही म्हणालात, "बरं बेटी. तुही मर्जी." बाटली माझ्या हातातून घेतलीत, उरलेलं पाणी तोंडावर मारलंत आणि आत गेलात. मी सभेत त्या दिवशी फार चांगलं बोलले. टाळ्या पडल्या.

गेल्या आठवड्यात, मे महिन्याच्या भर दुपारी, त्याच पत्र्याखाली तुम्हाला ऊन लागलं. कूलर पोचवणाऱ्या टेम्पोतून तुम्हाला अमरावतीला आणलं. वाटेतल्या दोन दुकानांत आधी कूलर उतरवले, मग तुम्हाला. हे मला चाचीनं सांगितलं, चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा. ती भिंतीला टेकून बसली होती. आवाज बसलेला, पण डोळे कोरडे.

मी तिला सगळं सांगून टाकलं. भोकं बुजवायला लावली, शीड ओलं भरलं, पत्रक काढलं. म्हटलं, "चाचांना माहीत होतं मीच लिहिलं ते. अकोल्यात त्यांनी मला टोमणा मारला आणि मी उलटून बोलले. तेवढं मनात सलतं."

"कोनता टोमना?"

मी तुमचे शब्द सांगितले. 

"टोमना नाही तो," ती म्हणाली. "त्यायले मालूमच नव्हतं."

"नाव होतं चाची. खाली छापलेलं होतं."

"वाचता येत होतं काय त्यायले मराठी? पेटीवर नाव मी काढो, ते पत्रा कापत. तुहा कागद मीच वाचून दाखवला. मथळा वाचला, सारं वाचलं. खालचं नाव आलं अन् माही जीभ थांबली. त्याच दिवशी सकाळी म्हनत होते, आपल्याले पोरगी नाही दिली अल्लानं, पन एक धाडली. मंग काय वाचू? कोनाचं नाव घेऊ? भागवतसाहेबाचं घेतलं. म्हटलं, मोठा मानूस हाय, त्याले काय फरक पडते."

"आणि ओळीतले लोक? कोणीच बोललं नाही?"

"साऱ्यायच्या दुकानात फिरली मी. हात जोडले. म्हटलं, माल घेऊ नका तं नका घेऊ, पन त्या पोरीचं नाव त्यायच्या कानावर घालू नका."

म्हणजे पत्रक काढू नको म्हणणारा एकच माणूस होता, आणि तुम्ही मरेपर्यंत त्याच्याकडे पाठ फिरवलीत. आणि ज्या पोरीला तुम्ही बेटी म्हणत होतात, तिच्याकडे भर रस्त्यात खरोखरच एक कागद मागितलात. बापानं मागावा तसा. तिनं चुकीच्या मालाची गोष्ट सांगितली. त्या दिवशी घरी जाऊन तुम्ही चाचीला काय म्हणालात, हे मी विचारलं नाही. तीच बोलली.

"म्हने, कुंदा भेटली होती. लई दमून गेली. चिडली माह्यावर."

मग तिनं कोपरानं डोळे पुसले, ओले नव्हते तरी. मी म्हटलं, "चाची, मी आता खरं छापते. सगळं. तुम्ही भागवतकाकांचं नाव घेतलं ते लिहू का?"

"लिही. साहेबाले मी काल सांगतलं सारं. इथंच बसले होते, रडले बिचारे. मी खोटं बोलली म्हनून मानूस मरेलोक तुह्यावर माया करत राहिला. मले त्याचं वाईट नाही वाटत. तुले वाटू दे." मी उठले तेव्हा म्हणाली, "अन् छापशीन ते मले आनून देऊ नको. मी नाही वाचत आता कोनाले."

पत्रक काल छापून झालं. छोटंच आहे. तत्त्व हा शब्द त्यात नाही. तुमच्या जुन्या ओळीत प्रत्येक दुकानात दिलं. एका म्हाताऱ्या पेटीवाल्यानं ते न वाचताच घडी घालून खिशात टाकलं आणि विचारलं, "हे हमीदले दाखवलं काय?"

कब्रस्तानात बायका जात नाहीत. म्हणून मी बाहेर रस्त्याच्या बाजूनं भिंतीशी उभी आहे. जाणारे-येणारे बघतायत, एका सायकलवाल्यानं थांबून विचारलं, काय झालं बाई. तुम्हाला वाचता येत नाही आणि चाची वाचणार नाही, तेव्हा मोठ्यानं मीच वाचते. पेटी चांगली होती. तिला हवेची दोन भोकं होती, ती मी बुजवायला लावली. शीड मी ओलं भरलं. हमीदभाईंवरचा पहिला कागद भागवतसाहेबांनी लिहिला नव्हता. त्यांनी तो लिहू नको म्हणून सांगितलं होतं.

खाली नाव आहे. चाची त्या जागी थांबली होती. मी थांबत नाही.

कुंदा वानखडे